स्विच लावताना: आधी विचारायचं, मग टाइप करायचं

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. ज्यांच्या ऑफिसात, दवाखान्यात किंवा कारखान्यात रॅकमध्ये मॅनेज्ड स्विच (कमांड देऊन चालवता येणारा नेटवर्कचा स्विच) बसवलेला आहे, पण त्याला हात लावायला कुणी धजत नाही, त्यांनाही हे उपयोगी पडेल. उदाहरणं सिस्को कॅटलिस्टची घेतलीत, कारण नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत मला तेच जास्त भेटतात. कमांड मी फोनवर जशा सांगते तशाच देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. शब्दाच्या मधे आडवी रेघ दिसली की हायफन. स्पेलिंगची धास्ती घेऊ नका. पहिली तीन-चार अक्षरं टाकून टॅब दाबा, उरलेला शब्द स्विच स्वतः पूर्ण करतो. अडलात तर प्रश्नचिन्ह दाबा, पुढे काय काय चालेल त्याची यादी समोर येते.

कामाचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी बघायचं, मग एकच बदल करायचा, पुन्हा बघायचं, आणि पटलं तरच सेव्ह. नवीन माणूस बहुतेकदा मधल्याच पायरीवरून सुरुवात करतो. कॉन्फिगर मोडमध्ये शिरण्याची त्याला घाई असते. माझं म्हणणं असं, की स्विचच्या कामात शिकायच्या कमांडपैकी निम्म्याहून जास्त ‘शो’ने सुरू होतात, आणि पोट भरतं ते त्यांच्यावर.

कन्सोल

नव्या स्विचला आयपी नसतो, म्हणून पहिली भेट कन्सोल केबलनेच. स्विचवर ‘कन्सोल’ लिहिलेलं निळ्या कडेचं पोर्ट शोधा; काही मॉडेलवर ते मागच्या बाजूला असतं. दिसायला ते लॅनच्या पोर्टसारखंच, त्यामुळे रॅकमागे अंधारात केबल भलत्याच भोकात जाते. दुसरं टोक यूएसबी-टू-सिरियल ॲडॉप्टरमधून लॅपटॉपला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली कॉम नंबर दिसेल, तोच पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये टाकायचा. स्पीड ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १.

आता फ्लो कंट्रोल. पुटीत तो आपोआप एक्सऑन-एक्सऑफवर असतो. तो ‘नन’ करा. नाहीतर साइटवरून फोन येतो, “ताई, स्क्रीनवर काहीच येऊन नाही राहिलं.” एंटर दाबूनही काही येत नसेल तर आधी फ्लो कंट्रोल, मग कॉम नंबर, मग केबल कुठल्या भोकात आहे ते, या क्रमाने तपासा. कचरा अक्षरं येत असतील तर स्पीड जुळत नाहीये.

नवा स्विच चालू व्हायला काही मिनिटं लागतात. शेवटी तो विचारतो की सुरुवातीचं कॉन्फिगरेशन प्रश्नोत्तरांनी करायचं का. ‘नो’ लिहा. प्रॉम्प्टच्या शेवटी > दिसलं म्हणजे तुम्ही फक्त बघू शकता. ‘इनेबल’ टाकलं की # येतं. तिथून ‘कॉन्फिगर टर्मिनल’ने बदल करायच्या मोडमध्ये जाता येतं, पण आत्ता नाही.

आधी काय बघायचं

शो व्हर्शन
शो इंटरफेसेस स्टेटस
शो व्हीलॅन ब्रीफ
शो इंटरफेसेस ट्रंक
शो सीडीपी नेबर्स
शो व्हीटीपी स्टेटस

पहिल्या कमांडने मॉडेल, आयओएसची (स्विचच्या आतल्या सिस्कोच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि स्विच किती दिवसांपासून चालू आहे ते कळतं. कस्टमर म्हणतो, नेट रोज दुपारी बंद पडतं. अपटाइम चार तासांचा दिसला की समजा, स्विचची लाइनच (वीज) जातेय. व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या जाळ्यांमध्ये) डोकं घालण्याआधी यूपीएस बघा. ‘इंटरफेसेस स्टेटस’ हे माझं सगळ्यात आवडतं पान: एका ओळीत पोर्ट, त्याला दिलेलं नाव, जोडलेलं आहे की नाही, कुठल्या व्हीलॅनमध्ये, किती स्पीडवर. एखादं गिगाबिट पोर्ट १०० वर अडकलेलं दिसलं तर बहुतेकदा केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली किंवा आरजे-४५ नीट क्रिम्प न झालेला असतो.

जुना चालू स्विच असेल तर पुटीचं लॉगिंग सुरू करा, ‘टर्मिनल लेंग्थ ०’ टाका म्हणजे पानापानाला थांबणार नाही, आणि ‘शो रनिंग-कॉन्फिग’ घ्या. ही फाइल हातात असल्याशिवाय मी कुणालाही कॉन्फिगर मोडमध्ये जाऊ देत नाही.

नाव, पासवर्ड, एसएसएच

कॉन्फिगर टर्मिनल
होस्टनेम हिंगणा-ऑफिस-एसडब्ल्यू१
नो आयपी डोमेन-लुकअप
इनेबल सीक्रेट (तुमचा पासवर्ड)
युजरनेम नेटॲडमिन प्रिव्हिलेज १५ सीक्रेट (दुसरा पासवर्ड)

तिसरी ओळ छोटी, पण टाकाच. ती नसेल तर # वर एखादा शब्द चुकीचा टाइप झाल्यावर स्विच त्याला कुठल्यातरी मशीनचं नाव समजून शोधत बसतो आणि स्क्रीन अडकते. तसं झालंच तर कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकत्र दाबून बाहेर या. ‘इनेबल पासवर्ड’ वापरू नका, ‘सीक्रेट’च वापरा. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ने झाकलेला पासवर्ड क्षणात उलगडता येतो, त्याचा उपयोग मागे उभ्या माणसाच्या नजरेपासून लपवण्यापुरता.

एसएसएच म्हणजे स्विचवर दुरून, सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत. तिच्यासाठी आधी होस्टनेम आणि डोमेन नेम दोन्ही हवेत, कारण चावीचं नाव त्यांवरूनच बनतं:

आयपी डोमेन-नेम ऑफिस.लोकल
क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८
आयपी एसएसएच व्हर्शन २
लाइन व्हीटीवाय ० १५
लॉगिन लोकल
ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच
एक्झेक-टाइमआउट ५ ०

शेवटून दुसऱ्या ओळीने टेलनेट (दुरून लॉगिनची जुनी पद्धत) बंद होतं. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जातो, त्यामुळे इथे तडजोड नाही. ‘लाइन कन्सोल ०’वरही ‘लॉगिन लोकल’ लावा, आणि ‘लॉगिंग सिंक्रोनस’ही, मग टाइप करताना मधेच येणारे मेसेज तुमची ओळ तोडत नाहीत.

व्हीलॅन आणि पोर्ट

समजा एका कारखान्याचं ऑफिस आहे. कॉम्प्युटर व्हीलॅन १० मध्ये, कॅमेरे २० मध्ये, पाहुण्यांचं वायफाय ३० मध्ये आणि स्विचचं स्वतःचं मॅनेजमेंट ९९ मध्ये. कॅमेरे वेगळे ठेवायचेच, कारण कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायची तसदी फार कमी लोक घेतात, आणि तशा कॅमेऱ्यातून कुणी अकाउंटच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू नये. दोन व्हीलॅनमधली वाट राउटर किंवा फायरवॉलवर उघडायची की बंद ठेवायची हे मात्र तिथे ठरतं. लेयर २ चा स्विच फक्त वेगळं पाडून देतो.

व्हीलॅन १०
नेम ऑफिस
व्हीलॅन २०
नेम कॅमेरा

३० आणि ९९ तसेच बनवा. मग पोर्ट:

इंटरफेस रेंज जीआय१/०/१ - १२
स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड इनेबल

स्पॅनिंग ट्री म्हणजे जाळ्यात लूप (गोल फेरा) होऊ न देणारी स्विचची सोय. पोर्टफास्ट नसेल तर साध्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतं, तेव्हा कुठे डेटा जाऊ देतं. तोवर कॉम्प्युटर डीएचसीपीची (आयपी वाटणाऱ्या सेवेची) वाट पाहून थकतो आणि स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी देऊन बसतो. “केबल लावली की नेट येत नाही, थोड्या वेळाने येतं” अशी तक्रार ऐकली की आधी पोर्टफास्ट आठवा.

बीपीडीयू गार्ड हा त्याचा जोडीदार, पोर्टफास्ट एकटं लावू नये. अकाउंटच्या टेबलाखाली कुणीतरी बाजारातून आणलेला पाच पोर्टचा साधा स्विच लावतो, आणि झाडूपोछानंतर मोकळं दिसलेलं केबलचं टोक त्याच स्विचमध्ये परत खुपसलं जातं. झाला लूप. आपल्या स्विचने पाठवलेला बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचा निरोप) त्या लूपमधून फिरून त्याच पोर्टवर परत येतो, गार्ड तो ओळखतो आणि पोर्ट बंद करतो. बंद पडतं ते एक टेबल. गार्ड नसता तर अख्खा कारखाना बसला असता. स्पॅनिंग ट्रीची ही मूळ कल्पना रॅडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना मांडली. आपण रोज जिच्या जीवावर झोपतो ती गोष्ट कुणाच्या डोक्यातून आली, हे आपल्या मुलींना माहीत असावं असं मला वाटतं.

असं बंद पडलेलं पोर्ट ‘शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड’मध्ये कारणासकट दिसतं (टाइप करताना पूर्ण ‘एरर’ नाही, फक्त ‘ईआरआर’, पुढे हायफन; टॅब दाबलात तर प्रश्नच नाही). आधी लूप काढा, मग त्या पोर्टवर ‘शटडाउन’ आणि ‘नो शटडाउन’. ३०० सेकंदांनी आपोआप उघडायची सोय आहे, पण मी ती फक्त जिथे माझा माणूस लवकर पोचू शकत नाही तिथेच लावते. आपोआप उघडलं की कारण शोधायचं राहून जातं.

प्रत्येक पोर्टला ‘डिस्क्रिप्शन’ द्या. ‘कॅमेरा ७ मागचं गेट’, ‘हजेरी मशीन’, ‘साहेबांची केबिन’ असं, साध्या भाषेत, रोमन अक्षरांत. वापरात नसलेली पोर्ट ‘शटडाउन’ करून ठेवा. यात अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास द्यायलाच हवा.

मॅनेजमेंटचा आयपी असा:

इंटरफेस व्हीलॅन ९९
आयपी ॲड्रेस १९२.१६८.९९.२ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.९९.१

‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये व्हीलॅन ९९ डाउन दिसत असेल तर दोनच गोष्टी: व्हीलॅन ९९ बनवायचाच राहिलाय, किंवा त्या व्हीलॅनमधलं एकही पोर्ट चालू नाही.

ट्रंक, आणि ‘ॲड’ हा शब्द

दोन स्विचमधल्या केबलवरून सगळे व्हीलॅन न्यायचे तर ती ट्रंक. फ्रेमला (डेटाच्या पुडक्याला) ४ बाइटचा टॅग लागतो, त्यात व्हीलॅनचा नंबर असतो.

इंटरफेस जीआय१/०/२४
डिस्क्रिप्शन गोदाम स्विचकडे
स्विचपोर्ट मोड ट्रंक
स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,३०,९९

सहा महिन्यांनी गोदामात नवा व्हीलॅन ४० हवा असतो. हात आपोआप लिहितो, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’. स्विच काही विचारत नाही. जुनी यादी पुसून त्या जागी एकटा ४० ठेवतो. ऑफिस गेलं, कॅमेरे गेले, आणि ९९ गेल्यामुळे पलीकडच्या स्विचवर तुम्ही एसएसएचने बसला असाल तर तुम्हीही गेलात. बरोबर कमांड अशी:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०

माझ्या लोकांना मी हा ‘ॲड’ फोनवर मोठ्याने म्हणायला लावते, आणि एंटरच्या आधी पूर्ण ओळ मला वाचून दाखवायला सांगते.

दुरून काम करताना परतीची वाट आधी बांधायची. बदलाला हात घालण्यापूर्वी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि टाका:

रीलोड इन १०

दहा मिनिटांत तुम्ही थांबवलं नाही तर स्विच रीस्टार्ट होईल आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येईल. बदल केला, ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ने खात्री केली, पलीकडे पिंग गेला, की ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच सेव्ह. मधेच सेव्ह केलंत तर सगळी युक्ती फुकट, कारण रीस्टार्टनंतर तीच बिघडलेली फाइल वर येईल. रीस्टार्ट झालाच तर त्या स्विचवरचं सगळं काही मिनिटं बंद राहणार, म्हणून असं काम शिफ्ट सुटल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत, आणि मालकाला आधी सांगून. ज्युनिपर कंपनीच्या स्विचवर हीच सोय ‘कमिट कन्फर्म्ड’ या नावाने मिळते.

सेकंडहँड स्विच आणलाय? केबल लावायच्या आधी ‘शो व्हीटीपी स्टेटस’ बघा. व्हीटीपी म्हणजे स्विच आपसात व्हीलॅनची यादी वाटतात ती सिस्कोची सोय. त्याचं डोमेन तुमच्यासारखंच असेल आणि रिव्हिजन नंबर जास्त असेल तर तो तुमच्या सगळ्या स्विचचे व्हीलॅन पुसून आपले बसवू शकतो. ‘इरेज स्टार्टअप-कॉन्फिग’ केल्याने भागत नाही, कारण व्हीलॅनची माहिती फ्लॅशमध्ये ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. तीही डिलीट करून रीस्टार्ट करा. मी तर सगळीकडे ‘व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट’ ठेवते.

मुख्य स्विचवर ‘स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी’ आणि ‘स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०,२०,३०,९९ रूट प्रायमरी’ टाका. नाहीतर सगळ्यांची प्रायॉरिटी सारखीच, ३२७६८ धरून, आणि सगळ्यात लहान मॅक ॲड्रेसवाला (कारखान्यातून आलेल्या हार्डवेअर नंबरचा) स्विच रूट, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा मुख्य, होतो. बऱ्याचदा तो कोपऱ्यातला सगळ्यात जुना स्विच निघतो.

बंद पडलेला कॅमेरा

आता हे सगळं कसं वापरायचं ते एका उदाहरणात दाखवते. मागच्या गेटचा कॅमेरा दिवसा चालतो, रात्री जातो. डिस्क्रिप्शनमुळे पोर्ट लगेच सापडतं, जीआय१/०/१८.

‘शो पॉवर इनलाइन’ बघा. स्विच पीओई (लॅनच्या केबलमधूनच वीज) देत असेल तर पोर्टनिहाय किती वॅट जातात आणि एकूण किती उरले ते यात दिसतं. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात, ८०२.३एटीमध्ये ३०. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते. एकूण बजेट काठावर असेल तर रात्रीच एखादा कॅमेरा उपाशी राहतो.

पॉवर पुरेशी दिसली तर ‘शो इंटरफेसेस जीआय१/०/१८’मध्ये सीआरसीचा (बिघडून आलेल्या फ्रेमचा) आकडा बघा. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, तो दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो. ‘क्लिअर काउंटर्स’ करा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. वाढत असेल तर केबलकडे वळा:

टेस्ट केबल-डायग्नोस्टिक्स टीडीआर इंटरफेस जीआय१/०/१८
शो केबल-डायग्नोस्टिक्स टीडीआर इंटरफेस जीआय१/०/१८

गिगाबिट तांब्याच्या पोर्टवर हे चालतं; चाचणी चालू असताना लिंक क्षणभर तुटते, हे कस्टमरला सांगून ठेवा. उत्तरात चार जोड्या येतात. तीन ‘नॉर्मल’ आणि एक ‘ओपन’, पुढे लांबी ३८ मीटर. आकडा अंदाजे असतो, दहाएक मीटर इकडे-तिकडे धरायचे. पण १०० मीटरच्या केबलमध्ये पत्र्याच्या शेडखाली नेमकं कुठे चढायचं ते त्यातून कळतं, आणि खारीने किंवा उंदराने कुरतडलेली जागा तिथेच आसपास मिळते. मे महिन्याच्या दुपारी त्या शेडमध्ये पूर्ण केबल चाचपत जाणं काय असतं, हे ज्याने केलंय त्याला या दोन ओळींची किंमत कळेल.

उन्हाळ्यावरून सांगते. बऱ्याच कॅटलिस्ट ॲक्सेस स्विचना भोवतालचं तापमान ४५ अंशांपर्यंतच मानवतं, आणि नवतप्यात नागपूरची बाहेरची हवाच त्या आकड्याला भिडते. बंद रॅकच्या आत काय होत असेल ते ‘शो एन्व्ह टेम्परेचर स्टेटस’ दाखवतं. एप्रिलपासून दर आठवड्याला ही कमांड टाका. रॅकवर कूलर सोडू नका. त्याचा ओलावा आणि कूलरच्या पाण्यातले क्षार पोर्टमध्ये जाऊन बसतात. रॅकचं मागचं दार काढा, पंख्याच्या जाळीवरची धूळ साफ करा, जमलं तर रॅक पश्चिमेच्या भिंतीवरून हलवा.

वेळ, सेव्ह, बॅकअप

जुन्या कॅटलिस्टमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. लाइन गेली आणि आली की त्याच्या लेखी १ मार्च १९९३ उजाडतो, आणि लॉगमधल्या वेळा निरर्थक होतात. म्हणून:

क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०
एनटीपी सर्व्हर १९२.१६८.९९.१
सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम

यात राउटर एनटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ) देतो असं धरलंय. लॉग वेगळ्या मशीनवर पाठवायची सोय असेल तर ‘लॉगिंग होस्ट’ही लावा, कारण स्विचच्या मेमरीतला लॉग लाइनीबरोबर जातो.

सेव्हची कमांड:

कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

‘राइट मेमरी’नेही तेच होतं. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ सुटलं की लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि सेव्ह न केलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. शंका असेल तर ‘शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस’ टाका. सेव्ह केलेल्या आणि चालू कॉन्फिगरेशनमधला फरक ओळीओळीने दाखवते.

सेव्ह झालं की ‘शो रनिंग-कॉन्फिग’ पुन्हा फाइलमध्ये घ्या. फाइलच्या नावात साइट, स्विच आणि तारीख. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची नाही, तिच्यात पासवर्डचे हॅश आणि अख्खं जाळं आहे. ‘शो इंटरफेसेस स्टेटस’चं प्रिंट काढून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड बंद लिफाफ्यात, सही घेऊन मालकाच्या हातात द्या. आपण उद्या ते काम सोडलं तरी त्यांचा स्विच त्यांच्या ताब्यात राहिला पाहिजे.